७६० की ६५७

महूहून सिमरोलला जाणाऱ्या रस्त्यावर एक कच्चा फाटा आत वळतो. फाट्याच्या टोकाला एक लांबट शेड, चारी बाजूंनी निळी ताडपत्री बांधलेलं. डिसेंबरातल्या एका सकाळी साडेसातला मी त्या शेडच्या दारात उभी राहून डोळे पुसत होते. अमोनिया. आत साठ-पासष्ट डुकरं, रात्रभराचं मलमूत्र, आणि थंडी लागू नये म्हणून वारा शिरायला एक फट ठेवलेली नाही. आतून खोकल्याचा आवाज येत होता. डुक्कर खोकतं तेव्हा मान खाली घालतं, पाठीची कमान करतं आणि सलग सात-आठ ठसके देतं. मग थोडा वेळ शांतता, की दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरं सुरू.

"सारखे खोकून राहिलेत, मॅडम. रात्री तर झोपूच देत नाहीत," मालक म्हणाला.

हा मालक माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेल्या घरातला. घरी मराठी, बाहेर माळवी. 'खोकून राहिलेत' हे आमचं इंदूरकडचं मराठी. पुण्याची मावसबहीण याला हसते, हसू दे. वडिलांचा विरोध असताना त्यानं डुकरं पाळली, त्यामुळे तोटा झाला तर तो घरात सांगायचीही सोय नाही. नोव्हेंबरात त्यानं दुसऱ्या एका फार्मवरून दूध तुटलेली चौदा पिल्लं आणली आणि टेम्पोतून उतरवून थेट जुन्या डुकरांत सोडली. तिसऱ्या आठवड्यात खोकला सुरू झाला. पुढच्या दहा दिवसांत पाच मेली, तीन नवी आणि दोन जुनी. पिल्लांचे अर्धे पैसे अजून द्यायचे बाकी होते. विकणारा म्हणत होता, माझी पिल्लं ठणठणीत होती, तुझ्या शेडनं मारली. हा म्हणत होता, रोग तूच पाठवलास.

"जंतू त्याच्याकडून आला, एवढं लिहून द्या ना. तुमच्याकडे डीएनएचं मशीन आहे म्हणतात."

मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्रात एम. व्ही. एस्सी. करत होते. विषय ठरलेला होता, डुकरांच्या श्वसनरोगातले जंतू आणि त्यांचं जनुकीय टायपिंग, म्हणजे एकाच जातीच्या जंतूंतले प्रकार जनुकांवरून ओळखणं. म्हणजे मला नमुने हवे होते आणि याला पुरावा हवा होता. मी मोठ्या उत्साहानं "हो, कळेल की" म्हणून बसले. सर शेजारी उभे होते. ते मूळचे ग्वाल्हेरचे, आमचं बोलणं मराठीतच चालतं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, "अगं, आधी आफ्रिकन स्वाइन फीवर नाही एवढं तर कळू दे. मग वंशावळ काढ."

आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात २०२० साली आधी ईशान्येत सापडला, आणि २०२२ मध्ये आमच्या मध्य प्रदेशात रीवाला पोचला. तेव्हापासून डुक्कर मेलं की पहिला नमुना भोपाळला उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातो, ते बरोबरच आहे. तो विषाणू निघाला तर आपल्याकडे लस नाही, उपचार नाही, आणि एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात. पशुपालन खात्यामार्फत रक्त आणि प्लीहेचा तुकडा भोपाळला गेला. अहवाल येईपर्यंत आम्ही शेडकडे फिरकलो नाही. नाही तर आमच्याच बुटांवरून रोग दुसरीकडे जायचा. अहवाल निगेटिव्ह आला त्या दिवशी मालकानं फोनवर आधी एक लांब श्वास सोडला आणि मग सांगितलं, "आज अजून दोन गेलीत. या."

त्यातलं एक जुनं होतं, एक नवं. शेडमागे बाभळीखाली चुना टाकलेल्या खड्ड्याशेजारी आम्ही ती उघडली. न्यूमोनिया झालेलं फुफ्फुस पुस्तकातल्या रंगीत चित्रात पाहून समजत नाही, हातात घ्यावं लागतं. मागचा भाग गुलाबी, स्पंजासारखा, दाबला की परत वर येणारा. पुढचे आणि खालचे खंड मात्र काळपट लाल, घट्ट, यकृताच्या तुकड्यासारखे. दोन्हींच्या मध्ये कुणी पट्टी धरून रेघ मारावी तशी सीमा. सरांनी दोन्ही भागांचे बोराएवढे तुकडे कापून पाण्याच्या ग्लासात टाकायला लावले. गुलाबी तुकडा तरंगला, लाल तुकडा सरळ तळाला गेला. त्यात हवाच नव्हती. मालक वाकून त्या ग्लासाकडे बराच वेळ बघत राहिला. पुढे महिनाभर मी त्याला जे जे समजावलं त्या सगळ्यापेक्षा त्या ग्लासानं जास्त समजावलं असावं.

नमुना घ्यायचा तो चांगल्या आणि बिघडलेल्या भागाच्या सीमेवरून. अगदी मधोमध घेतला तर तिथले जंतू बऱ्याचदा मेलेले असतात. तापवलेल्या चपट्या सळईनं वरचा पृष्ठभाग डागायचा, म्हणजे बाहेरची घाण संपते, आणि मग चिरेतून आत कापसाची काडी. हे काम शांत. नाकातले नमुने घेणं म्हणजे युद्ध. मोठ्या मादीच्या वरच्या जबड्यात सुळ्यांमागे तारेचा फास अडकवला की ती मागे ओढत उभी राहते आणि किंचाळते. कानात बोळे घातले तरी ती किंकाळी दातांतून ऐकू येते. नऊ जुनी, नऊ नवी, प्रत्येकाच्या दोन्ही नाकपुड्यांतून एक काडी, नळीवर क्रमांक, बर्फाच्या थर्माकोलच्या डब्यात. अकराव्या पिल्लानं माझ्या ॲप्रनवर जे केलं ते इथे लिहीत नाही.

घरी आमच्या रामबागेतल्या जुन्या वाड्यात आजीला मी 'जनावरांवर' काम करते एवढंच माहीत होतं. त्या दिवशी वासानं बिंग फुटलं. "डुकराच्या नाकात काड्या घालतेस? आणि त्याच हातानं पोळ्या लाटणार?" मी म्हटलं, "आजी, हातमोजे असतात." "मग हातमोजे घालूनच लाट," आजी म्हणाली. तो आठवडाभर मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत प्रवेश नव्हता. खरं सांगायचं तर सोयीचंच झालं.

प्रयोगशाळेत जंतू वाढवायला मेंढीचं रक्त घातलेल्या अगारच्या प्लेट तयार होत्या. फुफ्फुसांच्या दोन नमुन्यांपैकी जुन्या डुकराच्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी दवाच्या थेंबांसारख्या करड्या, चकचकीत वसाहती आल्या. नव्याच्या प्लेटवर काहीच नाही. खोदून विचारल्यावर कळलं, मालकानं त्या पिल्लाला मरायच्या आधी तीन दिवस ओळखीच्या दुकानदारानं दिलेलं इंजेक्शन टोचलं होतं. जंतू मेले, पिल्लूही मेलं, आणि माझा नमुना वाया गेला. नाकातल्या काड्यांची कथा वेगळीच. डुकराचं नाक म्हणजे शनिवारचा बाजार. चार प्लेटवर प्रोटियस नावाचा जंतू दुधावरच्या सायीसारखा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरला आणि त्याखाली काय होतं ते गेलं. उरलेल्यांतून टाचणीच्या डोक्याएवढी एकेक वसाहत उचलायची, नव्या प्लेटवर पसरायची, पुन्हा उचलायची. दहा दिवस गेले. शेवटी सात सापडले, अधिक फुफ्फुसातला एक. आठही मॅकॉन्की नावाच्या दुसऱ्या अगारवर वाढत नव्हते, रक्त विरघळवत नव्हते, इंडोल चाचणीत लाल कडं देत होते. संशय एकच, पाश्चरेला मल्टोसिडा.

नाव लुई पाश्चरवरून. १८८० मध्ये त्यानं कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर जी लस केली ती याच जंतूची. 'मल्टोसिडा' म्हणजे पुष्कळांना मारणारा. पण गंमत अशी की हा मारणारा निरोगी डुकराच्या नाकातही मजेत राहतो. फुफ्फुसात उतरायला त्याला कुणीतरी दार उघडून द्यावं लागतं. बहुतेक वेळा ते काम मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए करतो. श्वासनळीच्या आतल्या पृष्ठभागावर बारीक लव असते, ती सतत हलून घाण वर ढकलत असते. मायकोप्लाझ्मा त्या लवेची वाट लावतो. अमोनियाही थोड्याफार फरकानं हेच करतो. मायकोप्लाझ्मा प्लेटवर वाढवायला आठवडे लागतात आणि तरी वाढेलच असं नाही, म्हणून आम्ही फुफ्फुसाच्या तुकड्यातून थेट पीसीआर केला, म्हणजे जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा असेल तर त्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखायचा. दोन्ही डुकरांत तो निघाला. हे मी वहीत एका ओळीत लिहिलं आणि पुढे गेले. त्या ओळीपाशी जरा थांबायला हवं होतं.

पाश्चरेला आहे हे कळणं म्हणजे पाहुणा कुठल्या गावचा ते कळणं. घर कुठलं ते टायपिंगनं कळतं. या जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं पांघरूण असतं, कॅप्सूल. त्यावरून त्याचे पाच प्रकार: ए, बी, डी, ई, एफ. कार्टर नावाच्या शास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात ही अक्षरं लावायला सुरुवात केली. सी पुढे टिकला नाही, म्हणून मधलं अक्षर गायब आहे. तेव्हा टायपिंगसाठी सशांना जंतू टोचून त्यांच्या रक्तातला सिरम वापरावा लागे. २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पांघरूण विणणाऱ्या जनुकांवरूनच प्रकार ओळखायचा पीसीआर तयार केला, आणि सशांची सुटका झाली. एकाच नळीत पाचही प्रकारांचे प्रायमर, म्हणजे ठरावीक जागा शोधून पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, घालायचे. ए असेल तर डीएनएच्या १०४४ अक्षरांचा तुकडा तयार होतो, एफ असेल तर ८५१, बी ७६०, डी ६५७, ई ५११. हे तुकडे जेलच्या मऊ पट्टीतून विजेनं ओढायचे, लहान तुकडा जास्त खाली जातो. जेलवर रेघ कुठे येते ते बघायचं, प्रकार कळला.

ए प्रकाराचं पांघरूण हायल्युरोनिक ॲसिडचं असतं. माझी धाकटी बहीण चेहऱ्याला लावायला जे सीरम आणते, त्या बाटलीवर हेच नाव. डुकराच्या स्वतःच्या शरीरातही तेच असतं, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना हा घरचाच वाटतो. प्लेटवरच्या वसाहतीला लूप लावून उचललं की पाकाची तार निघते तशी तार निघते. आठपैकी सहांत अशी तार निघाली तेव्हाच सर म्हणाले होते, "हे ए असतील." मी पीसीआर झाल्याशिवाय मानणार नव्हते. नवा मुल्ला.

डीएनए काढायची आमची पद्धत गरिबाची. वसाहत पाण्यात कालवायची, दहा मिनिटं उकळवायची, बर्फात ठेवायची, सेंट्रिफ्यूज करायची, वरचं पाणी घ्यायचं. पहिला पीसीआर फक्त जंतूची जात पक्की करणारा, केएमटी-१, ४६० अक्षरांची रेघ. तीन तासांनी जेल अल्ट्राव्हायोलेटवर ठेवलं. आठच्या आठ ओळींत ठसठशीत रेघ. मी हात वर केले. मग नववी ओळ पाहिली. तिथे डीएनए नव्हताच, नुसतं पाणी घातलं होतं, आणि तिथेही तीच रेघ, तेवढीच ठसठशीत.

म्हणजे माझ्या पाण्यात जंतूचा डीएनए होता, आणि मग आठही रेघांना काही अर्थ नव्हता. हे पाप माझंच. घाईत मी डीएनए घेतलेल्या पिपेटनं, टिप बदलली म्हणून निर्धास्त होऊन, पाण्याच्या मोठ्या बाटलीतून पाणी घेतलं होतं. पाणी टाकलं, प्रायमर नव्यानं विरघळवले, टेबल ब्लीचनं पुसलं, पिपेट उघडून धुतलं. मिश्रण एका खोलीत, डीएनए घालणं दुसऱ्या खोलीत. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी नववी ओळ काळीभोर रिकामी आली. रिकाम्या जागेचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

मग पांघरुणाचा पीसीआर. त्या दिवशी मला महूहून इंदूरची शेवटची बस गाठायची होती, म्हणून जेल चाळीस मिनिटांतच थांबवलं. फुफ्फुसातला जंतू वर, १०४४ पाशी: ए. नाकातले पाच, ए. तारवाले सहा. उरलेल्या दोन ओळींतल्या रेघा खाली होत्या. शेजारच्या मोजपट्टीवर, आम्ही तिला लॅडर म्हणतो, बोट धरून मोजलं. सातशेच्या वर, आठशेच्या खाली. ७६०. बी.

हे अक्षर वाचून माझ्या पोटात गोळा का आला ते सांगायला हवं. बी प्रकार म्हणजे घटसर्प, ज्याला इथले लोक गलघोंटू म्हणतात. म्हशींना होणारा. गळा सुजतो, श्वास कोंडतो, आणि बरीचशी जनावरं दिवस-दोन दिवसांत जातात. पावसाळ्याआधी गावोगाव लस टोचतात ती यासाठी. (माणसांच्या डिप्थीरियालाही मराठीत घटसर्पच म्हणतात, पण तो जंतू निराळा.) मालकाच्या शेडला लागूनच त्याच्या चुलत्याचा गोठा होता आणि त्यात अकरा म्हशी. मी बस विसरले. फोन काढून मालकाचा नंबर शोधायला लागले. सर खुर्चीतून उठलेही नाहीत.

"फोन ठेव. लॅडर बघ आधी."

"बघितलं, सर. सातशेच्या वर आहे."

"सातशे कुठे आहे, दाखव."

मी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, जेलच्या फोटोवर वाकले आणि म्हणाले, "हे सातशे कशावरून? सहाशे, सातशे, आठशे सगळे एकमेकांना चिकटलेत. तू सुटूच दिलं नाहीस त्यांना."

खरंच. चाळीस मिनिटांत लॅडरच्या मधल्या पायऱ्या वेगळ्याच झाल्या नव्हत्या. त्या धुरकट पट्ट्यात मी मला हवी ती पायरी निवडली होती, किंवा मला जिची भीती वाटत होती ती. ७६० आणि ६५७ मधलं अंतर १०३ अक्षरांचं. नीट न चाललेल्या जेलवर ते एका केसाएवढं उरतं.

दुसऱ्या दिवशी दोन टक्क्यांचं जेल ओतलं, व्होल्टेज कमी केलं आणि अडीच तास हलले नाही. या खेपेला एका बाजूला पी-५२ चा डीएनए ठेवला. हा भारतातल्या घटसर्पाच्या लशीत वापरला जाणारा वाण, म्हणजे खात्रीचा बी. दुसऱ्या बाजूला विभागाच्या साठ्यातला खात्रीचा डी. मध्ये माझे दोघं. दिवा लावला तेव्हा पी-५२ ची रेघ वर एकटी होती आणि माझ्या दोन्ही रेघा खाली डीच्या बरोबर ओळीत, भिंतीवरच्या खुंट्यांसारख्या. ६५७.

त्या रात्री फोन केला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी फार करत नाही. चुलत्याच्या अकरा म्हशी, दूध घेणारी गिऱ्हाइकं, गावात बोभाटा. आणि तो सगळा एका बसपायी.

डी निघाला की एक प्रश्न आपोआप येतो, त्याच्याकडे टॉक्स-ए जनुक आहे का? ते असेल तर तो नाकाची हाडं झिजवणारं विष तयार करतो, डुकराचं नाक आखूड आणि वाकडं होतं. दोन्हींत ते नव्हतं. शेडमधलं एकही नाक वाकडं नव्हतं, त्याच्याशी हे जुळलं. औषधांच्या चकत्या लावून कुठलं अँटिबायोटिक चालतं तेही पाहिलं आणि तो कागद मालकाला लगेच पाठवला. त्याच्या डुकरांना प्रत्यक्ष उपयोग या कागदाचा झाला. पण त्याचं लक्ष माझ्या दुसऱ्या कागदाकडे होतं.

दोन्ही डी नव्या पिल्लांच्या नाकात मिळाले होते. ए मात्र नव्यांत तीन, जुन्यांत दोन, आणि जुन्याच्याच फुफ्फुसात एक. आता सगळे ए एकाच घरचे की नुसते एकाच आडनावाचे? त्यासाठी एमएलएसटी. ही पद्धत १९९८ मध्ये मेंदूज्वराच्या जंतूसाठी आली, नंतर बाकीच्या जंतूंनाही लावली गेली. जंतूच्या रोजच्या संसाराला लागणारी सात जनुकं घ्यायची, प्रत्येकाचा ठरावीक तुकडा अक्षर न् अक्षर वाचायचा. प्रत्येक तुकड्याच्या रूपाला एक क्रमांक, सात क्रमांकांच्या जुळणीला आणखी एक, तो त्याचा सीक्वेन्स टाइप. पत्त्यासारखंच: गल्ली, घर, मजला. ऑक्सफर्डच्या पबएमएलएसटी या भांडारात आपली अक्षरं टाकली की क्रमांक समोर येतो. सहा जंतूंचं करायला पैसे नव्हते. चार निवडले: फुफ्फुसातला, जुन्या नाकातला एक, नव्या नाकांतले दोन. सात जनुकं, दोन्ही दिशांनी वाचन, छप्पन्न नळ्या. बर्फात बांधून कुरियरनं पाठवल्या आणि तीन आठवडे वाट पाहिली.

आलेले आलेख बघायला सुंदर असतात. चार रंगांच्या टेकड्यांची रांग, प्रत्येक टेकडी म्हणजे एक अक्षर. तीन जंतूंचे सातही क्रमांक जुळले. चौथ्याचं, एका नव्या पिल्लातल्याचं, एका जनुकात एक अक्षर वेगळं निघालं. जीच्या जागी ए (ही डीएनएची अक्षरं, हा ए पांघरुणाचा नव्हे). भांडार म्हणालं, असं रूप आमच्याकडे नोंदलेलं नाही. म्हणजे नवं! मी मनातल्या मनात त्याची बारशाची पत्रिका छापली. पण ७६० च्या प्रकरणानं एवढी अक्कल आली होती की आधी आलेख उघडला. ते अक्षर वाचनाच्या अगदी सुरुवातीला होतं, आणि तिथे टेकड्या एकमेकींवर चढलेल्या असतात. उलट्या दिशेचं वाचन काढलं. त्यात ती जागा शेवटाकडे येते, तिथे स्वच्छ, उंच, एकटी टेकडी होती. जी. चौथाही तोच.

चारही एक. हा निकाल मालकाला सांगायला आम्ही फेब्रुवारीत गेलो. त्यानं ऐकलं आणि टाळी वाजवली. "म्हणजे नव्यांचाच जुन्यांत गेला!"

"किंवा जुन्यांचा नव्यांत," सर म्हणाले.

आम्ही काड्या घातल्या तेव्हा दोन्ही कळप महिनाभर एकाच गव्हाणीत तोंड घालत होते. उतरवण्याआधी नव्यांच्या नाकात काय होतं आणि जुन्यांच्या नाकात काय होतं, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. आता कितीही जनुकं वाचली तरी मागच्या तारखेचा नमुना कुठून आणणार? शिवाय सात तुकडे म्हणजे साडेबावीस लाख अक्षरांच्या पोथीतली काही हजार. ती जुळली म्हणजे चुलत्यांचं कुळ एक असं म्हणता येईल, सख्खे भाऊ असं नाही. बाहेरून आला असावा असं त्यातल्या त्यात म्हणता येईल तो डी, कारण तो फक्त नव्यांतच होता. पण तो ज्यात वाढला नाही ती जागा म्हणजे फुफ्फुस. ज्याचा माग लागत होता त्यानं मारलं नव्हतं, आणि मारण्यात ज्याचा हात होता त्याचा माग लागत नव्हता. वर मायकोप्लाझ्मा, ज्यानं मुळात दार उघडलं, त्याचं टायपिंग आम्ही केलेलंच नव्हतं. वहीतली ती एक ओळ.

"मग हा कागद कशाचा?" मालकानं विचारलं. राग नव्हता आवाजात, पण थकवा होता. "दोन महिने लागले ना याला."

मला उत्तर सुचलं नाही. पहिल्या दिवशी 'कळेल की' मीच म्हटलं होतं. सर उठले, शेडच्या दक्षिणेकडच्या ताडपत्रीची दोरी सोडली आणि कापड वरून हातभर खाली आणलं. "वरून एवढं उघडं ठेव. खालून बंद राहू दे, पिल्लांच्या अंगावर वारा नको. गरम हवा वर जाते, ती घाण घेऊन जाईल." जानेवारीतही त्यांनी हेच सांगितलं होतं, तेव्हा त्यानं एक दिवस उघडून पुन्हा बांधलं होतं. या वेळी ते तसंच राहिलं. खोकला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कमी झाला. मालकाच्या मते इंजेक्शननं, सरांच्या मते हवेनं. मी कशाचंच टायपिंग केलेलं नसल्यानं गप्प बसले. विकणाऱ्याशी त्याचं काय मिटलं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रंगपंचमीला मी इंदूरच्या राजवाड्यासमोर गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, होते. वरून पिचकाऱ्यांनी गुलाल उडत होता, दिसत काही नव्हतं, आणि खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोन थरथरत होता. चौथ्यांदा वाजला तेव्हा एका दुकानाच्या पायरीवर चढून घेतला.

"मॅडम, बारा पिल्लं आणलीत. टेम्पो दारात उभा आहे. उतरवू का?"

मागून ढोल एवढे वाजत होते की मला वाटलं चुकून ऐकलं. मी ओरडून विचारलं, "जुन्यांत?"

"नाही ना. मागे नवा वाडा बांधलाय, वीस पावलं लांब. पण म्हटलं, आधी तुम्ही काड्या घालणार असाल तर."

मी म्हटलं, नव्या वाड्यात उतरवा, तिकडची बादली इकडे आणू नका, जुन्यांचंही नाक उद्याच बघायचंय, आणि कुणालाही कसलंही इंजेक्शन देऊ नका. तो म्हणाला, दुकानदाराचा नंबरच काढून टाकलाय. त्यावर मी विश्वास ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ्यांवर क्रमांक घालत होते तेव्हा पेनावर रंग उतरत होता. चार वेळा साबण लावूनही नखांत गुलाबी शिल्लक होता. दोन हातमोजे एकावर एक चढवले. मालकानं पहिलं पिल्लू काखेत धरलं. ते किंचाळलं, आणि त्याच्या उघड्या तोंडाकडे न बघता मी काडी डाव्या नाकपुडीत घातली.